रिमोटचा मॅक्रो मध्येच फसतो तेव्हा: होम थिएटरसाठी बिघाड शोधण्याची पद्धत

एकाच बटणावर टीव्ही, एव्ही रिसीव्हर आणि प्लेअर सुरू व्हावेत, योग्य इनपुट लागावेत, चित्र आणि आवाज दोन्ही हजर व्हावेत, यासाठी प्रोग्रॅमेबल रिमोटवर मॅक्रो, म्हणजे एका बटणावर ओळीने जाणाऱ्या आज्ञांची यादी, बसवतात. बसवला त्या दिवशी तो चालतो. मग कधी आवाज येतो पण चित्र येत नाही, कधी टीव्ही सुरू होऊन लगेच बंद पडतो, कधी रिसीव्हर भलत्याच इनपुटवर जाऊन बसतो. चिडून पुन्हा तेच बटण दाबलं की गोंधळ आणखी वाढतो, कारण निम्मी उपकरणं तोवर सुरू झालेली असतात.

इन्फ्रारेड रिमोट एकतर्फी बोलतो, हे याच्या मुळाशी आहे. 'टीव्ही, सुरू हो' असा इशारा तो पाठवतो. टीव्हीने ऐकलं का, तो आधीच सुरू होता का, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. तो यादीतली पुढची आज्ञा पाठवून मोकळा होतो. म्हणून मॅक्रो फसण्याची कारणं फिरून फिरून तीनच असतात: इशारा पोचला नाही, पोचला, पण उपकरण तेव्हा ऐकण्याच्या तयारीत नव्हतं, किंवा पोचला, ऐकलाही गेला, पण उपकरण आपण गृहीत धरलेल्या अवस्थेत नव्हतं. नवशिके बहुधा सरसकट थांबण्याची वेळ वाढवत सुटतात. त्याने दुसरं कारण झाकलं जातं, पहिलं आणि तिसरं तसंच राहतं.

आधी मॅक्रो कागदावर उतरवा

प्रत्येक पायरीसाठी चार गोष्टी लिहा: उपकरण, बटण, त्यानंतर किती थांबायचं, आणि ती आज्ञा जाते तेव्हा उपकरण कोणत्या अवस्थेत असेल असं आपण धरलंय. पहिले तीन रकाने पटापट भरतात. चौथ्यापाशी हात अडखळतो, आणि बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खात असतं. 'टीव्ही पॉवर' या पायरीसमोर 'टीव्ही बंद असेल' असं लिहावं लागलं, तर टीव्ही आधीच सुरू असताना तीच पायरी त्याला बंद करणार हे कागदावरच दिसतं.

आता मॅक्रो न वापरता, त्याच रिमोटवरून, नेहमी बसता त्याच जागेवरून, यादीतलं एकेक बटण हाताने दाबा. दोन बटणांमध्ये दहा सेकंद जाऊ द्या. बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा. आपण बटण जरा वेळ धरलं की रिमोट तोच कोड पाच-सहा वेळा पाठवतो, मॅक्रो मात्र एकदा किंवा मोजून दोन-तीनदा पाठवतो. दाबून धरल्यावरच चालणारं बटण मॅक्रोत दगा देतं.

हाताने एखादं बटण चाललंच नाही, तर दोष मॅक्रोचा नाही. कोडचा किंवा इशाऱ्याचा आहे. सगळी बटणं नीट चालली, तर पुढची चाचणी करा: मॅक्रोतल्या सगळ्या थांब्यांची वेळ तात्पुरती दहा सेकंद करा आणि सगळी उपकरणं बंद असताना मॅक्रो चालवा. मिनिटभर लागेल, लागू द्या. आता तो बिनचूक चालला तर प्रश्न वेळेचा आहे. तरीही फसला तर प्रश्न बहुधा वेळेचा नाही, थांबे पूर्ववत करा आणि दुसरीकडे शोधा. तासन्‌तास वाचवणारी ही चाचणी आहे, पण ती कुणी करत नाही. काही रिमोटमध्ये एका थांब्याला कमाल मर्यादा असते. तिथे एकापाठोपाठ दोन-तीन थांबे घाला. काही जुन्या रिमोटमध्ये थांबा हा प्रकारच नसतो. तिथे घरात नसलेल्या एखाद्या उपकरणाची बटणं मध्ये पेरून वेळ काढतात. दिसायला गावठी आहे, पण चालतं.

लक्षणावरून रोख ओळखा

प्रत्येक वेळी एकच पायरी चुकते आणि चुकतेच: कोड चुकीचा आहे किंवा तिच्याआधीचा थांबा फारच कमी आहे.

कधी ही पायरी चुकते, कधी ती, कधी सगळं नीट: इशारा कमजोर आहे. सेल, रिमोटची दिशा, खोलीतला प्रकाश तपासा.

एकाआड एक चालतो, म्हणजे एकदा नीट, एकदा उलटा: टॉगल पॉवर, म्हणजे चालू-बंद दोन्ही करणारं एकच बटण. अगदी नेमाने एकाआड एक असेल तर दुसरं काही शोधूच नका.

दिवसातून पहिल्यांदा फसतो, नंतर चालतो: उपकरण गाढ स्टँडबायमधून उठायला जास्त वेळ घेतंय.

आवाज दोन पायऱ्यांनी वाढतो, मेनूत एक ओळ सोडून पुढे जातो, '१' दाबल्यावर '११' उमटतं: कोड गरजेपेक्षा जास्त वेळा जातोय, किंवा शिकवताना मूळ रिमोटचं बटण दाबून धरलं होतं.

मॅक्रोत नसलेली गोष्ट घडते, उदाहरणार्थ इनपुट आपोआप बदलतो: हा एचडीएमआय-सीईसीचा, म्हणजे उपकरणांनी केबलमधून एकमेकांना दिलेल्या आज्ञांचा उद्योग. त्याबद्दल पुढे सविस्तर.

इशारा पोचतोय का

सेल बदला. सगळ्यांत कंटाळवाणा सल्ला आहे, पण मॅक्रोच्या बाबतीत त्याला खास कारण आहे. आवाज वाढवायला एक इशारा लागतो, मॅक्रोत दहा-पंधरा इशारे सलग जातात. उतरलेल्या सेलचा व्होल्टेज अशा सलग कामात आणखी खाली जातो. म्हणून एकेक बटण चालतं, पण मॅक्रोच्या शेवटच्या पायऱ्या गळतात. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा. काही रिमोटना हा फरकही जाणवतो.

मग मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि मॅक्रो चालवा. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा असतो. कॅमेऱ्यात तो जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरा. यातून एवढंच कळतं की रिमोट काहीतरी पाठवतोय. कोड बरोबर आहे का, हे कळत नाही. पण पायऱ्या मोजता येतात: आठ आज्ञांच्या मॅक्रोत सहाच झुबके दिसले, तर दोन आज्ञा रेकॉर्डच झालेल्या नाहीत. मॅक्रो नोंदवताना पटापट बटणं दाबली की असं होतं. शिवाय बऱ्याच रिमोटमध्ये मॅक्रोच्या लांबीला मर्यादा असते, आणि ती ओलांडली की शेवटच्या पायऱ्या गुपचूप गाळल्या जातात.

मॅक्रो पूर्ण होईपर्यंत रिमोट उपकरणांकडे रोखलेला हवा. वाचताना हे उघड वाटेल. पण बटण दाबलं की रिमोट मांडीवर ठेवणं ही माणसाची सवय आहे आणि मॅक्रो दहा-बारा सेकंद चालतो. घरातल्या सगळ्यांना ही एक गोष्ट सांगितली की अर्ध्या तक्रारी थांबतात.

उपकरणं बंद कपाटात असतील आणि मध्ये इन्फ्रारेड रिपीटर, म्हणजे रिमोटचा इशारा पकडून आत पोचवणारं यंत्र असेल, तर तीन जागा तपासा. एक, इशारा सोडणारा, चिकटवायचा छोटा एमिटर उपकरणाच्या सेन्सरवर नीट बसलाय का. टॉर्चचा प्रकाश पुढच्या पट्टीवर तिरपा टाकला की सेन्सरची गोल खिडकी दिसते; एमिटर एक सेंटिमीटर बाजूला सरकला तरी इशारा अधूनमधून चुकतो. दोन, एमिटर सेन्सरला अगदी टेकवल्यामुळे प्रकाश अति तर होत नाही ना. तसा संशय आला तर थोडा बाजूला चिकटवून पाहा. तीन, रिपीटरचा डोळा टीव्हीच्या पडद्याजवळ आहे का. काही पडद्यांच्या, विशेषतः जुन्या प्लाझ्मा टीव्हींच्या प्रकाशात इन्फ्रारेडचा गोंगाट असतो. अशा घरात मॅक्रोच्या पायऱ्या टीव्ही उजळेपर्यंत चालतात आणि त्यानंतरच्या सगळ्या वाया जातात. लक्षण वेळेच्या चुकीसारखं दिसतं, म्हणून माणूस थांबे वाढवत बसतो आणि त्याने काहीही सुधारत नाही. रिपीटरचा डोळा टीव्हीपासून लांब हलवा. थेट ऊन आणि काही सीएफएल-एलईडी दिव्यांचाही असाच त्रास होतो. दिवे मालवून मॅक्रो चालवला की लगेच खुलासा होतो.

कोड, त्यांची पुनरावृत्ती आणि एक छुपा बिट

प्रत्येक कंपनीची इशाऱ्याची भाषा वेगळी असते. एनईसी पद्धतीत प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झुबका, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. बटण धरून ठेवलं तर दर १०८ मिलिसेकंदांनी 'अजून दाबलेलंच आहे' असा छोटा इशारा जातो. सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्‌झवर चालते, एक चौकट, म्हणजे एक पूर्ण इशारा, ४५ मिलिसेकंदांची, आणि सोनीच्या उपकरणांना ती सहसा लागोपाठ तीनदा हवी असते. रिमोटच्या सेटिंगमध्ये पुनरावृत्ती शून्यावर आणली असेल, तर बाकी सगळं चालतं आणि नेमकं सोनीचं उपकरण ढिम्म बसतं. उलट पुनरावृत्ती जास्त ठेवली, तर टॉगल बटणं दोनदा लागू शकतात. म्हणून ही सेटिंग उपकरणागणिक वेगळी ठेवता येत असेल तर तशी ठेवा. कुठे गडबड वाटली की एकेक आकडा कमी-जास्त करून त्या एकाच उपकरणावर तपासा.

फिलिप्सने आणलेल्या आरसी-५ आणि आरसी-६ या ३६ किलोहर्ट्‌झच्या पद्धतींत एक टॉगल बिट असतो. बटण नव्याने दाबलं की तो बदलतो, धरून ठेवलं तर तोच राहतो. त्यामुळे '५' दोनदा दाबलं की धरून ठेवलं, हे उपकरणाला कळतं. मूळ रिमोटवरून कोड शिकवला की त्या क्षणीचा बिट गोठतो. मग मॅक्रोत तेच बटण सलग दोनदा आलं, तर उपकरण दुसरं 'अजून दाबलेलंच आहे' असं समजून सोडून देऊ शकतं. 'खाली, खाली, ओके' असा मॅक्रो एकाच ओळीवर थांबतो तो यामुळे. उपाय तीन. शिकवलेल्या कोडऐवजी रिमोटच्या स्वतःच्या साठ्यातला त्या कंपनीचा कोड वापरा. तो बिट आपणहून बदलतो. तो नसेल, तर मूळ रिमोटचं बटण एकदा दाबून सोडा आणि पुढच्या दाबण्यावर कोड पुन्हा शिकवा, म्हणजे उलट्या बिटची दुसरी प्रत मिळते. मॅक्रोत दोन्ही आलटून-पालटून घाला. किंवा दोन्हींच्या मध्ये त्याच उपकरणाचं निरुपद्रवी बटण पेरा, जे दाबल्याने पडद्यावर काही बदलत नाही.

कोड शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, टोकाला टोक, दोन ते पाच सेंटिमीटरवर ठेवा. दोघांतही ताजे सेल हवेत. ऊन आणि सीएफएलपासून दूर. बटण टिचकीने दाबायचं की धरायचं, हे तुमच्या रिमोटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. इथे अंदाज चालत नाही. कोड शिकवला की पुढच्या बटणाकडे जाण्याआधी लगेच उपकरणावर चालवून पाहा. पंचवीस बटणं शिकवून झाल्यावर तपासणी करण्यात अर्थ नाही.

टॉगल पॉवर: सगळ्यांत मोठं दुखणं

बहुतेक मूळ रिमोटवर एकच पॉवर बटण असतं: सुरू असेल तर बंद, बंद असेल तर सुरू. माणसासाठी सोयीचं, मॅक्रोसाठी जुगार. मॅक्रोला 'फक्त सुरू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे, म्हणजे डिस्क्रीट कोड हवेत. बऱ्याच उपकरणांना असे कोड समजतात, फक्त मूळ रिमोटवर त्यांचं बटण छापलेलं नसतं. युनिव्हर्सल रिमोटच्या साठ्यात एकाच कंपनीचे अनेक कोडसंच असतात. सध्याच्या संचात डिस्क्रीट कोड नसेल तर पुढचा संच लावून पाहा. सापडला की चारही बाजूंनी तपासा: बंद असताना 'ऑन', सुरू असताना 'ऑन', सुरू असताना 'ऑफ', बंद असताना 'ऑफ'. दुसऱ्या आणि चौथ्या वेळी काहीच घडता कामा नये. नावात 'पॉवर ऑन' असलेला कोड प्रत्यक्षात टॉगलच निघतो, असं बरेचदा होतं.

डिस्क्रीट कोड नसलाच तर बंद उपकरणाला उठवणारं, पण सुरू असताना बंद न करणारं बटण शोधा. काही टीव्हींत आकड्याचं बटण हे काम करतं, काही रिसीव्हरांत इनपुटचं बटण, काही डिस्क प्लेअरांत प्ले. हेच तुमचं 'ऑन'. 'ऑफ'साठी आधी हे उठवणारं बटण, मग उपकरण पूर्ण जागं होईपर्यंत थांबा, मग टॉगल पॉवर. उपकरण आधी कसंही असो, शेवटी बंदच होतं. लॅम्पच्या प्रोजेक्टरवर मात्र ही युक्ती वापरू नका. बंद करण्यासाठी आधी लॅम्प पेटवणं म्हणजे त्याचं आयुष्य फुकट घालवणं.

तेही जमत नसेल, तर ते उपकरण मॅक्रोतून काढा. सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग बॉक्स कायम सुरू किंवा स्वतःच्या स्टँडबायवर ठेवला तर फारसं बिघडत नाही, आणि मॅक्रोतला सगळ्यांत बेभरवशाचा दुवा निघून जातो.

हार्मनीसारखे रिमोट हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात: कोणतं उपकरण सुरू आहे याची नोंद ते स्वतःकडे ठेवतात आणि गरज असेल तेवढ्याच आज्ञा पाठवतात. लॉजिटेकने हार्मनीचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं, पण ते रिमोट अजून अनेक घरांत आहेत. त्यांचा कच्चा दुवा एकच. कुणी मूळ रिमोटने टीव्ही बंद केला की हार्मनीची नोंद चुकते आणि पुढची प्रत्येक कृती उलटी पडते. अशा वेळी 'हेल्प' बटण दाबून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या; मॅक्रो पुन्हा पुन्हा चालवू नका. आणि मूळ रिमोट खणात ठेवून द्या.

इनपुटचंही तेच. 'इनपुट' बटण तीनदा दाबून एचडीएमआय ३ ला पोचणारा मॅक्रो फार दिवस टिकत नाही. पहिल्या दाबण्याला काही टीव्ही फक्त यादी उघडतात, काही लगेच पुढे जातात. काही बंद असलेले इनपुट वगळतात, म्हणजे प्लेअर उठायला उशीर झाला की मोजणीच बदलते. प्रत्येक इनपुटचा थेट कोड शोधा. नसेल तर आधी ठरलेल्या जागी जा, उदाहरणार्थ हमखास ट्यूनरवर नेणारं बटण दाबा, आणि तिथून मोजा.

वेळ मोजा, अंदाज करू नका

उपकरण पूर्ण बंद करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, पॉवर ऑन पाठवा आणि मॅक्रोत पुढे जे बटण वापरणार आहात तेच दर सेकंदाला दाबत राहा. पहिला प्रतिसाद कितव्या सेकंदाला आला ते लिहा. आवाजाच्या बटणावर मोजून इनपुटची वेळ ठरवू नका; बऱ्याच टीव्हींत आवाज लवकर ऐकला जातो, इनपुट उशिरा. तीन मोजण्या तरी घ्या, त्यातली एक रात्रभर बंद राहिल्यानंतरची आणि एक भिंतीवरचा स्विच बंद-चालू केल्यानंतरची. टीव्हीच्या सेटिंगमध्ये झटपट सुरू होण्याचा पर्याय असेल तर तो चालू असताना टीव्ही दोन-तीन सेकंदांत उठतो. वीज गेल्यावर मात्र पूर्ण बूट होतो आणि त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. जास्तीत जास्त वेळ घ्या आणि त्यात दोन सेकंद मिळवा.

इनपुट बदलल्यानंतरही लगेच आज्ञा पाठवू नका. एचडीएमआय जोडणीत उपकरणं आधी एकमेकांची ओळख पटवतात आणि एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखण्याचं कुलूप तपासतात; यात काही सेकंद पडदा काळा राहतो आणि तेवढ्यात टीव्हीला पाठवलेली आज्ञा हरवू शकते.

आता हे आकडे कसे वापरायचे ते एका उदाहरणावर पाहू. समजा टीव्हीला इनपुटची आज्ञा घ्यायला पॉवरपासून ११ सेकंद लागतात, रिसीव्हरला ८. बरेच जण टीव्ही ऑन, ११ सेकंद, टीव्ही इनपुट, रिसीव्हर ऑन, ८ सेकंद, रिसीव्हर इनपुट असं लिहितात. एकूण १९ सेकंद, तेही प्लेअर धरल्याशिवाय. त्याऐवजी सगळ्यांना आधी उठवा आणि सगळ्यांत संथ उपकरणाच्या वाट पाहण्यात बाकीच्यांची वेळ जिरवा:

१. टीव्ही ऑन, ०.५ सेकंद थांबा
२. रिसीव्हर ऑन, ०.५ सेकंद थांबा
३. प्लेअर ऑन, ७.५ सेकंद थांबा
४. रिसीव्हर: ब्ल्यू-रे इनपुट, २.५ सेकंद थांबा
५. टीव्ही: एचडीएमआय २

तिसऱ्या पायरीनंतर ७.५ सेकंद थांबल्यावर रिसीव्हरला त्याचे ८ सेकंद मिळालेले असतात, चौथीनंतर टीव्हीला ११. सगळं मिळून ११ सेकंदांत काम होतं. कोड पाठवायला लागणारा वेळ, दरेकी सेकंदाचा काही अंश, यात धरलेला नाही. तो आपल्याच पथ्यावर पडतो. क्रमही मुद्दाम असा ठेवलाय. पडदा आधी, मग रिसीव्हर, मग प्लेअर. प्लेअर सुरू होताना समोर कोणता टीव्ही आणि रिसीव्हर आहे हे विचारतो आणि त्याप्रमाणे चित्र-आवाजाचं स्वरूप ठरवतो. त्या वेळी पुढची दोन उपकरणं झोपलेली असतील तर कधी कधी बहुवाहिनी आवाजाऐवजी साधा स्टिरिओ येतो.

सीईसी: मॅक्रोच्या कामात ढवळाढवळ

एचडीएमआय केबलमधल्या १३ व्या पिनवरून उपकरणं एकमेकांना आज्ञा देतात, हेच सीईसी. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकचं व्हिएरा लिंक. मॅक्रोला त्याचा त्रास असा: मॅक्रो प्लेअर सुरू करतो, प्लेअर सीईसीवरून टीव्ही सुरू करतो, मग मॅक्रोची टॉगल पॉवर टीव्हीपर्यंत येते आणि टीव्ही बंद होतो. किंवा मॅक्रोने इनपुट लावल्यावर तीन सेकंदांनी उशिरा जागा झालेला बॉक्स टीव्हीला स्वतःकडे ओढून नेतो.

खात्री करायला सगळ्या उपकरणांवरचं सीईसी बंद करून मॅक्रो चालवा. सुधारला तर गुन्हेगार सापडला. पण कायमचं बंद करण्याआधी थांबा: टीव्हीचा आवाज एआरसीने, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून उलटा, रिसीव्हरकडे जात असेल, तर बहुतेक टीव्हींत सीईसी बंद केल्यावर एआरसीही जातं. अशा वेळी सीईसी चालू ठेवून प्रत्येक उपकरणाच्या मेनूतलं 'एकमेकांसोबत चालू-बंद व्हा' आणि 'आपोआप इनपुट बदला' एवढंच बंद करा. अर्धं काम सीईसीने आणि अर्धं मॅक्रोने करायचा मोह टाळा. पॉवर कोणाकडे आणि इनपुट कोणाकडे, हे एकदा ठरवून टाका.

जे इन्फ्रारेडला ऐकतच नाही

फायर टीव्ही स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये इन्फ्रारेडचा सेन्सरच नाही. त्यांना मॅक्रोतून काही पाठवून उपयोग नाही. इथे सीईसी खरोखर कामी येतं, किंवा ब्लूटूथ बोलणारा हब लागतो. वाय-फाय हबवर बसवलेले मॅक्रो इंटरनेटच्या सर्व्हरवरून चालत असतील तर मधले थांबे कमी-जास्त होऊ शकतात. हबमध्येच चालवण्याची सोय असेल तर ती निवडा.

बंद करण्याचा मॅक्रो

हा सोपा वाटतो म्हणून दुर्लक्षित राहतो. प्रोजेक्टरला बंद व्हायला बहुधा पॉवर दोनदा लागते, दुसरी 'खरंच बंद करायचं?' ही पाटी पडद्यावर आल्यावर आणि ती जाण्याआधी. दोन्हींत दीड-दोन सेकंदांचा थांबा घालून तपासा. त्यानंतर पंखा लॅम्प थंड करत असतो, म्हणून त्याची वीज तोडणारा स्मार्ट प्लग या मॅक्रोत घालू नका. डिस्क्रीट 'ऑफ' कोड असेल तर तो एका सेकंदाने पुन्हा पाठवा; पहिला चुकला तर दुसरा लागतो, आणि दोन्ही लागले तरी बिघडत नाही. टॉगलच्या बाबतीत हेच केलं तर टीव्ही पुन्हा सुरू होईल.

दुरुस्ती झाली की मॅक्रो पाच परिस्थितींत चालवा: सगळं बंद, सगळं सुरू, फक्त टीव्ही सुरू, बंद केल्यावर दहा सेकंदांच्या आत, आणि वीज जाऊन आल्यावर. चौथ्या परिस्थितीत एरवी ठीक वाटणारे मॅक्रो उघडे पडतात, कारण काही उपकरणं बंद होत असताना 'ऑन' ऐकतच नाहीत. तुमचं उपकरण तसं असेल तर मॅक्रोत बदल करू नका, घरच्यांना पंधरा सेकंद थांबायला सांगा. पाचही वेळा पास झाला की रिमोटच्या सेटिंगची प्रत संगणकावर काढून ठेवा आणि कागदावरची यादी नव्या आकड्यांनी दुरुस्त करा. रिसीव्हर किंवा टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की सुरू व्हायचा वेळ बदलू शकतो, आणि तेव्हा पुन्हा मोजायला याच यादीपासून सुरुवात करायची आहे.